बाहेर जाण्यासाठी हळुवार दाबा

हॉक्सडेन नगरपरिषदेच्या मुख्य इमारतीत, बाहेर पडायच्या काचेच्या दाराशेजारी, जमिनीपासून एक मीटर उंचीवर एक हिरवं प्लास्टिकचं बटण होतं. ते दाबलं की दाराच्या माथ्यावरचं लोहचुंबक सुटायचं, दार उघडायचं आणि माणूस बाहेर जायचा. अकरा वर्षं हा प्रकार बिनबोभाट चालला होता. त्यात सुधारणेला वाव आहे, हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

मार्चमधल्या एका मंगळवारी शहाऐंशी वर्षांच्या थ्वेटआजी दारापाशी आल्या. एका काखेत कोबीचा गड्डा, दुसऱ्या हातात काठी. तिसरा हात नसल्यामुळे त्यांनी बटण काठीनं दाबलं. बटणाला बारीकसा तडा गेला, दार उघडलं, आजी घरी गेल्या.

इमारतीचा रखवालदार डेझमंड ओल्डरॉइड हा एकतीस वर्षं नोकरी झालेला, अठ्ठावन्न वर्षांचा सरळमार्गी माणूस. त्यानं तड्यावर चिकटपट्टी लावली. तो तेवढ्यावर थांबता तर पुढचं काहीच घडतं ना. पण डेझमंड प्रामाणिक होता, आणि प्रामाणिक माणसाला हाताशी नोंदवही असताना स्वस्थ बसवत नाही. वहीत नुकसानीच्या कारणांचे चारच रकाने होते: आग, पूर, नैसर्गिक झीज आणि विध्वंस. आग लागली नव्हती. नदी गावाबाहेरून आपल्या वाटेनं मुकाट वाहत होती. नैसर्गिक झीज नियमाप्रमाणे पंधरा वर्षांच्या आत होऊ शकत नव्हती. 'कोबी' असा रकाना नव्हता. डेझमंडनं अर्धा तास विचार केला, एक चहा प्यायला आणि नाइलाजानं चौथ्या रकान्यात खूण केली.

अशा रीतीनं हॉक्सडेन गावात विध्वंसक आले.

ती नोंद संगणकात गेली. मागल्या वर्षी विध्वंसाचे प्रकार शून्य, यंदा एक. वाढ किती टक्के झाली हे काढताना शून्यानं भागावं लागल्यामुळे संगणकानं 'अनंत' असं उत्तर दिलं. विध्वंसात अनंत टक्के वाढ झालेलं दुसरं गाव अख्ख्या उत्तर इंग्लंडात नव्हतं. महिन्याच्या आत 'निर्गमन सुरक्षा प्रमुख' असं एक पद निर्माण झालं आणि त्या पदावर फिलिपा रॅक्सॉल नावाच्या बाई रुजू झाल्या. बाई कधी आवाज चढवत नसत. नाही म्हणायचं असलं की त्या अधिकच गोड हसत. त्यांनी आल्या आल्या डेझमंडला बोलावून घेतलं.

"ओल्डरॉइड, विध्वंसकाला तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत?"

"बाई, विध्वंसक कसला? थ्वेटआजी होत्या त्या. हातात कोबी होता."

"शस्त्र म्हणून?"

"भाजी म्हणून."

बाईंनी ते लिहून घेतलं. "आमच्या माहितीनुसार विध्वंसकाचं वय चौदा ते बावीस असतं. पुरुष. डोक्यावरून ओढायची टोपी."

"आजी शहाऐंशीच्या आहेत. आणि टोपी लोकरीची."

"म्हणजे त्या नव्हेत," बाई हसून म्हणाल्या. "खरा गुन्हेगार अजून मोकाट आहे."

मे महिन्यात नवीन बटण आलं. ते विध्वंसरोधक होतं. जाड पोलादाची तबकडी, मधोमध बोटाच्या पेराएवढी गोल कळ, भोवती दिव्याचं कडं, आणि जगात कुणाकडेही नसलेल्या पेचकसानंच निघतील असे चार स्क्रू. बसवायला केल्विन प्राउट नावाचा तंत्रज्ञ आला होता. तो चाळिशीचा, गुबगुबीत आणि आपल्या मालावर मनापासून प्रेम करणारा होता.

"काका, याला हातोड्याचे चाळीस घाव घातलेत," तो डेझमंडला कौतुकानं सांगू लागला. "रंगाचा फवारा मारलाय. च्युइंगम चिकटवलंय. मोठ्या जातीच्या कुत्र्याकडून मुतवून घेतलंय. काही म्हणजे काही झालं नाही."

"आणि बोटानं दाबून पाहिलं?"

केल्विननं पुस्तिका चाळली. "ती चाचणी यादीत नाही."

खरी खुबी बटणाच्या पोटात होती. धक्का ओळखणारं एक यंत्र आत बसवलेलं होतं. बटण जोरात दाबलं की त्याला वाटायचं, आपल्यावर हल्ला झाला. मग कडं तांबडं व्हायचं आणि बटण दहा मिनिटं कुणाचंच ऐकायचं नाही.

"मग हळू दाबावं," डेझमंड म्हणाला.

"हळू दाबलं तर त्याला कळतच नाही."

"मग दाबायचं तरी कसं?"

"मधलं."

"मधलं म्हणजे रे?"

"आकडा दिलाय पुस्तिकेत. पण काका, आकडा आपल्याला कळून उपयोग काय? बोटाला कळायला हवा ना."

सुधारणा एकट्यानं येत नाही. आत येणारे आणि बाहेर जाणारे एकमेकांवर आदळू नयेत म्हणून आत यायला वेगळं फिरतं दार बसवण्यात आलं. ते एकाच दिशेनं फिरायचं, आतल्या. खिडक्या ऊर्जाबचतीसाठी आधीच कायमच्या बंद केलेल्या होत्या. मागच्या दारांनाही तसलीच पोलादी बटणं लागली, सगळी एकाच तारेवर: एक तांबडं झालं की बाकीचीही तांबडी. आत येणं इतकं सोपं झालं की, पावसाची सर चुकवायला म्हणून टेकलेली माणसंही वळणासरशी थेट कर विभागापुढे उभी राहू लागली.

बाहेर जाणं ही मात्र कला झाली. शेतकरी, गवंडी, खाटीक असली रांगडी बोटं बटणाला खपत नसत. पियानो शिकवणाऱ्या एक बाई पहिल्या झटक्यात बाहेर पडल्या, त्याचा गावात आठवडाभर बोलबाला झाला. डेझमंडला आठ दिवसांच्या सरावानं ते साधलं. तान्ह्या बाळाच्या गालाला लावावं तसं बोट टेकवायचं, किंचित थांबायचं आणि मग, लाजऱ्या माणसाला पुढं सरकवावं तसं ढकलायचं. कडं हिरवं व्हायचं. तो दिवसभर दारापाशी उभा राहून लोकांना बाहेर सोडू लागला. लोक त्याला दुवा देत.

रॅक्सॉलबाईंनी हे पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं.

"ओल्डरॉइड, तुम्ही बटण दाबता तेव्हा नागरिक बाहेर पडत नाही. नागरिकाला बाहेर पाडलं जातं. आकडेवारी बिघडते. यापुढे कर्मचाऱ्यांनी बटणाला हात लावायचा नाही. नागरिकांसाठी आपण वर्ग सुरू करतो आहोत."

वर्ग चाळीस मिनिटांचा होता. नाव 'आपलं बटण, आपली बोटं'. पहिल्या वर्गाला आलेल्यांपैकी निम्मेच वर्ग संपल्यावर बाहेर पडू शकले, त्यामुळे निकाल पन्नास टक्के लागला. पूर्वी नागरिक इमारतीत सरासरी चौदा मिनिटं थांबत. आता बावन्न मिनिटं थांबू लागले. तिमाही अहवालात 'नागरिकांना नगरपरिषदेविषयी वाटणारी ओढ' या मथळ्याखाली त्याचा आलेख छापून आला. विध्वंसाचा आकडा पुन्हा शून्यावर आला होता. रॅक्सॉलबाईंना शेजारच्या तीन गावांतून भाषणाची आमंत्रणं आली.

इकडे डेझमंडचं लग्न ठरलं.

गेनॉर बर्टव्हिसल बाजारपेठेत 'पाय'चं, म्हणजे मांस भरून भाजलेल्या जाड कचोऱ्यांचं, दुकान चालवायची. पंचावन्न वर्षांची, खणखणीत आवाजाची, पिठानं माखलेल्या हातांची बाई. डेझमंड रोज दुपारी तिच्या दुकानात एक पाय खायचा, आणि नऊ वर्षं खाऊनही मनातलं काही बोलत नव्हता. शेवटी तिनंच काउंटरवरून विचारलं, "डेस, लग्न करतोस का माझ्याशी?" डेझमंड म्हणाला, "विचारून सांगतो." कुणाला विचारणार होता ते त्याचं त्यालाही माहीत नव्हतं. आई-वडील जाऊन वीस वर्षं झाली होती. सवय, दुसरं काय! गेनॉर दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तो हो म्हणाला, पण ते दोन दिवस तिच्या मनात राहून गेले.

लग्न नोंदणीची खोली नगरपरिषदेच्याच पहिल्या मजल्यावर.

"तिथं नको," गेनॉर म्हणाली. "तुझं त्या इमारतीशी एक लग्न झालेलंच आहे."

"जवळ पडतं गं. अन् तारीखही मिळालीय."

सप्टेंबरचा दुसरा शुक्रवार, सकाळी अकरा. बावीस पाहुणे. थ्वेटआजी साक्षीदार, गेनॉरच्या दुकानात त्या रोजच्या. नंतर कामगार क्लबात पाय आणि बिअर, आणि दोन चाळीसच्या गाडीनं नवरा-बायको व्हिटबीला समुद्रावर जाणार. गेनॉरनं बारा वर्षांत एक दिवस दुकान बंद ठेवलं नव्हतं. आता चार दिवस ठेवणार होती.

लग्न उत्तम लागलं. डेझमंडनं निळा सूट घातला होता आणि शपथ घेताना त्याचा आवाज कापला, तेव्हा गेनॉरनं नाक शिंकरलं. सगळे जिना उतरून दारापाशी आले.

"दाब की," गेनॉर म्हणाली.

डेझमंडनं हात पुढं केला आणि मागं घेतला. "कर्मचाऱ्यांना बंदी आहे गं."

"तू आज रजेवर आहेस."

"म्हणजे आज मी नागरिक. पण नागरिक म्हणून माझा वर्ग झालेला नाही."

"डेझमंड ओल्डरॉइड," ती हळूच म्हणाली, आणि तिच्या हळू आवाजाला बाजारपेठेतले खाटीकही बिचकत. "आपलं लग्न होऊन चार मिनिटं झालीत."

नेमक्या त्याच क्षणी गेनॉरच्या मामेबहिणीला राहवलं नाही. बाहेर कागदी पाकळ्या उधळायला बंदी होती, गटारं तुंबतात म्हणून. आत उधळायला बंदी आहे असं कुठंच लिहिलेलं नव्हतं. तिनं ओंजळ भरून उधळली. एक गुलाबी पाकळी गिरक्या घेत खाली आली आणि बटण अन् कडं यांच्यामधल्या फटीत जाऊन बसली.

कडं तांबडं झालं. दहा मिनिटं गेली, ते तांबडंच राहिलं. वीस मिनिटं गेली. पाकळी बटणाला सारखी टोचत होती आणि बटणाच्या समजुतीप्रमाणे त्याच्यावर अखंड हल्ला चालू होता.

केल्विनला फोन केला. तो बिचारा धावत आला. फिरत्या दारातून गिरकी घेऊन आत आला, गुडघ्यांवर बसला, बटणाकडे पाहून चुकचुकला. "एवढंच ना? माझ्या पेचकसानं दोन मिनिटांचं काम." त्यानं खिसे चाचपले. मग तो काचेतून बाहेर पाहू लागला. रस्त्यापलीकडे त्याची गाडी उभी होती.

"पेचकस गाडीत?" डेझमंडनं विचारलं.

"आत येताना दार इतकं मऊ फिरलं ना काका, की सुचलंच नाही."

बाहेरून येणाऱ्यांना थोपवायला पाहुण्यांनी काचेवर टकटक केली, दोन्ही हात हलवले. बाहेरच्यांना वाटलं, लग्न आहे, बोलावताहेत. तेही हात हलवत आत आले. गाडी चुकीच्या जागी लावल्याबद्दल मिळालेल्या दंडाच्या चिठ्ठीची तक्रार करायला एक गृहस्थ आले. ते आत अडकलेले असताना त्यांच्या गाडीवर दुसरी चिठ्ठी लागली, आणि ती त्यांना काचेतून लागताना दिसली. त्यांनी काचेवर मुठी आपटल्या. चिठ्ठी लावणारा निरीक्षक, काय म्हणताय, असं विचारायला आत आला.

क्लबातले पाय गार होऊ नयेत म्हणून गेनॉरचा भाऊ साठ पायचे खोके घेऊन आत आला. त्यानंतर वातावरण फारच सुधारलं.

बाराच्या सुमाराला रॅक्सॉलबाई समोरच्या उपकार्यालयातून आल्या. त्यांनी परिस्थितीची पाहणी केली आणि समाधान व्यक्त केलं.

"बटणानं आपलं काम चोख केलंय. याचा अर्थ हल्ला मोठा असणार."

"कागदाची पाकळी आहे हो बाई," गेनॉर म्हणाली.

"सुरुवात पाकळीनंच होते."

"आणि आम्ही बाहेर कसं जायचं?"

"क्रमानं," बाई म्हणाल्या. त्यांनी कर विभागातून टोकनांची भेंडोळी मागवली आणि वाटायचं काम डेझमंडला सांगितलं. रजेवर असूनही त्यानं ते केलं. नवरदेवाच्या सुटात, कोटाला फूल लावून, तो प्रत्येकाच्या हातात एकेक नंबर देत फिरला. लोकांचा जीव भांड्यात पडला. आतापर्यंत ते नुसते अडकलेले होते; आता ते रांगेत होते. ज्यांना सातवा नंबर मिळाला ते तेराव्याकडे सहानुभूतीनं पाहू लागले. एकेचाळिसाव्या नंबरच्या ओव्हरकोटवाल्या गृहस्थांनी खुर्ची भिंतीशी ओढून वर्तमानपत्र उघडलं. गेनॉर हे सगळं पाहत जिन्याच्या पायरीवर बसली होती. तिच्या मांडीवर व्हिटबीची तिकिटं होती.

अग्निशमन दलालाही फोन झाला. त्यांनी आग आहे का असं विचारलं. नाही म्हटल्यावर, तरी दार फोडून देऊ का, असंही विचारलं. दार फोडणं हे धोरणाच्या कलम चारप्रमाणे विध्वंसात मोडतं असं रॅक्सॉलबाईंनी त्यांना सौजन्यानं समजावलं. त्यांनी आभार मानून फोन ठेवला.

दाराच्या दुसऱ्या अंगाला, खांद्याच्या उंचीवर, एक लहानशी हिरवी पेटी होती. तिच्यावर पातळ काच आणि काचेवर अक्षरं: 'आणीबाणीत काच फोडा'. ती फोडली की लोहचुंबकाचा वीजपुरवठा तुटतो आणि दार सुटतं. गेनॉरनं तिच्याकडे बोट दाखवलं.

"ही कशाला लावलीय मग?"

"आणीबाणीसाठी," बाई म्हणाल्या.

"मग फोडा."

"आणीबाणी जाहीर झालेली नाही. जाहीर न झालेल्या आणीबाणीत काच फोडली तर ती नुसतीच फोडलेली काच. गेल्या चार महिन्यांत आपल्याकडे विध्वंसाचा एकही प्रकार नाही, बाईसाहेब. हा गावाचा लौकिक आहे."

आणीबाणी जाहीर करायचा अधिकार आपत्कालीन अधिकारी श्री. टोबायस लंब यांना होता. त्यांना फोन लावला. ते म्हणाले, जागेवर येऊन पाहिल्याशिवाय मला काही ठरवता येणार नाही.

"येऊ नका!" त्रेचाळीस माणसं एकसुरात ओरडली.

"आवाज नीट येत नाहीये," लंबसाहेब म्हणाले. "मी येतोच."

पावणेदोनला ते फिरत्या दारातून आत आले. सहा फूट उंच, अत्यंत सावध माणूस. त्यांनी बटण पाहिलं, दार पाहिलं, पायच्या रिकाम्या खोक्यांची मोजदाद केली. मग म्हणाले, "परिस्थिती निःसंशय आणीबाणीची आहे."

टाळ्या पडल्या. मामेबहिणीनं उरलेल्या पाकळ्या उधळल्या.

"मात्र," लंबसाहेब हात वर करून म्हणाले, "आता मी स्वतःच आत अडकलेला असल्यामुळे या प्रकरणात माझं हित गुंतलेलं आहे. मी निर्णय दिला तर त्याला स्वार्थाचा वास येईल. निर्णय बाहेरच्या माणसानं द्यायला हवा."

"मग बाहेरच्या माणसाला बोलवा," कुणीतरी म्हणालं.

"बोलावला की तो आतला होईल," लंबसाहेबांनी खेदानं निदर्शनास आणलं. लोकांना ते पटलं. युक्तिवादात खोट नव्हती.

रॅक्सॉलबाईंनी त्यांना एकोणपन्नासावं टोकन दिलं.

याच वेळी थ्वेटआजी उठून उभ्या राहिल्या. "ए पोरी," त्या बाईंना म्हणाल्या, "हे सगळं माझ्यामुळं झालंय. ते पहिलं बटण मी फोडलं. काय करायचं ते मला करा आणि या दोघांना सोडा. गाडी चुकेल त्यांची."

"आजी, तुमचा कबुलीजबाब आम्हाला घेता येणार नाही," बाई हसल्या. "तुम्ही वयोगटात बसत नाही."

आजी खाली बसल्या, पण बसताना त्यांची काठी निसटून पडलेली डेझमंडला दिसली. तो जवळ जाऊन वाकला.

"काय होतंय आजी?"

"काही नाही रे. हृदयाची गोळी एकची असते. घरी ओट्यावर आहे. लग्नाच्या गडबडीत म्हटलं, बाराला घरी पोचूच." त्यांचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला होता. त्या हसायचा प्रयत्न करत होत्या. "चार घरं टाकून तर राहते मी. दिसतंय बघ इथून. ते निळं दार."

डेझमंडनं काचेतून पाहिलं. निळं दार दिसत होतं. मध्ये फक्त रस्ता, फुटपाथ आणि एक कुत्रं.

तो लंबसाहेबांकडे गेला. "साहेब, आजींची तब्येत बरी नाही."

"हे मी नोंदवून घेतो."

तो रॅक्सॉलबाईंकडे गेला. "बाई, काच फोडायची परवानगी हवी होती."

"लेखी द्या," बाई म्हणाल्या, आणि खरोखर मायेनं म्हणाल्या, "सोमवारी सकाळी पहिला तुमचाच कागद घेते."

डेझमंड मागं वळला. गेनॉर पायरीवरून त्याच्याकडे बघत होती. ती रागावलेली असती तर त्याला सोपं गेलं असतं. ती रागावलेली नव्हती. तिनं तिकिटं घडी घालून पर्समध्ये ठेवायला घेतली होती, जन्मभर ज्याची सवय करून घ्यायची आहे अशा गोष्टीची सुरुवात करावी तशी.

डेझमंडचे कान तापले. एकतीस वर्षांत त्यानं कधी विचारल्याशिवाय बल्बही बदलला नव्हता. तो हिरव्या पेटीपुढे जाऊन उभा राहिला आणि त्याच्या मनात आलं की, या पेटीवरची धूळ आपण दर सोमवारी पुसतो. मग त्यानं अंगठा काचेवर ठेवला आणि दाबला. मधलं नाही. जोरात.

कट्, एवढाच आवाज झाला. दाराच्या माथ्यावर काहीतरी टक् करून सुटलं, आणि दार बोटभर आपोआप उघडलं. बाहेरचा गार वारा आत आला.

गेनॉरनं उठून आजींना एका बाजूनं धरलं, डेझमंडनं दुसऱ्या. तिघं दारातून बाहेर पडली. मागून पाहुणे येतील म्हणून डेझमंडनं पाय लावून दार उघडं धरलं.

"अहो, रांग आहे इथं!" आतून सातव्या नंबरचा आवाज आला.

"त्यांच्याकडे टोकनच नाही," चिठ्ठ्या लावणारा निरीक्षक म्हणाला. "मी पाहिलंय. सगळ्यांना दिलं, स्वतः घेतलंच नाही."

"या की," डेझमंड म्हणाला. "सुटलंय दार. या सगळे."

पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं, हातातल्या नंबरांकडे पाहिलं, रॅक्सॉलबाईंकडे पाहिलं. गेनॉरच्या भावानं एक पाऊल टाकलं होतं, पण मागून कुणीतरी "अहं!" म्हणून खाकरलं, तसा तो ओशाळून जागेवर गेला. केल्विन तेवढा काचेजवळ आला, आपल्या गाडीकडे हताशपणे पाहून म्हणाला, "माझा बत्तिसावा आहे, काका."

मग ओव्हरकोटवाले एकेचाळिसावे गृहस्थ वर्तमानपत्र बाजूला ठेवून उठले. पावणेदोन तास ते दार उघडायची वाट पाहत बसले होते. ते दारापाशी आले.

"माफ करा हं," ते डेझमंडला अदबीनं म्हणाले. "पाय जरा काढता का? वारा फार येतोय." आणि त्यांनी दार लावून घेतलं.

आजींना गोळी दिली, पाणी दिलं, आरामखुर्चीत बसवलं. अर्ध्या तासात त्यांच्या गालावर रंग आला आणि त्यांनी दोघांना घराबाहेर हाकललं. "पळा! समुद्र काय माझ्यासाठी थांबणारेय?" दोन चाळीसची गाडी त्या दिवशी अकरा मिनिटं उशिरा सुटली. डब्यात बसल्यावर गेनॉर म्हणाली, "अंगठा दाखव." अंगठ्याला काही झालेलं नव्हतं. तरी तिनं तो दोन्ही हातांत धरला आणि पहिलं स्टेशन येईपर्यंत सोडला नाही. दुसऱ्या स्टेशनाला तिला हसू फुटलं. मग त्यालाही फुटलं, आणि समोरच्या बाकावरच्या बाई, वेडीच दिसतात, असं म्हणून डबा बदलून गेल्या.

नगरपरिषदेच्या इमारतीत त्या दिवशी दार पुन्हा अडकलं नाही. काच फुटलेली असल्यामुळे लोहचुंबकात वीजच नव्हती. दार नुसतं लोटलेलं होतं, कुणीही बोटानं ढकललं असतं तरी उघडलं असतं. आतली माणसं साडेपाचपर्यंत त्या दारापुढे बसून राहिली. मग नंबर पुकारण्यात आले आणि सगळी क्रमानं, सही करून, कसलाही अनुचित प्रकार न घडता बाहेर पडली. शेवटचे लंबसाहेब. त्यांनी जाता जाता व्यवस्थेचं कौतुक केलं. अहवालात त्या दिवसापुढे 'विध्वंस: एक' अशी नोंद झाली, आणि पन्नास वर्षांच्या पुढचा असा वयोगटाचा एक नवा रकाना वहीत छापून आला.

ही हकीकत हॉक्सडेनच्या क्लबात अजूनही सांगितली जाते. लोक पोट धरून हसतात. त्या टोकनवाल्यांना मूर्ख म्हणतात. आपण असतो तर केव्हाच बाहेर पडलो असतो, असं छातीवर हात ठेवून सांगतात. आणि हसणं ओसरलं की, बिअरचा घोट घेऊन, दर वेळी कुणी ना कुणी विचारतंच, "पण मग त्या ओल्डरॉइडवर पुढं काही कारवाई झाली की नाही?"

ते बटण अजून तिथं कसं, हे आजवर एकानंही विचारलेलं नाही. तुमच्या ओठांवर तरी यातला कुठला प्रश्न आला होता?